तिथीचा रकाना

मंगळवारी दुपारी दोन ते पाच
साओ पावलोत, बोम रेतिरोच्या चर्चमागच्या खोलीत
मी बसते. एक टेबल, एक पंखा,
भिंतीवर वकिलाचा नंबर, दाताच्या डॉक्टरचा नंबर,
आणि रात्री झोप येत नसेल तर फिरवायचा नंबर.
प्रत्येकाच्या खाली कातरून ठेवलेल्या चिठ्ठ्या.
तिसऱ्या कागदाची एकही
आजवर कुणी फाडून नेलेली नाही,
निदान माझ्यादेखत.

क्वाक मल-सुन पेन्शनचा अर्ज घेऊन आल्यात.
कागद पोर्तुगीजमध्ये विचारतो: जन्मतारीख?
कागदावरची सांगू, त्या म्हणतात, की खरी?
खरी तिथीने आहे.
चांद्र दहावा महिना, अमावास्येच्या चार दिवस आधी,
आईला कळा आल्या तेव्हा
अर्धा कोबी मिठात होता, अर्धा अंगणात.
वडिलांनी नोंद केली दोन वर्षांनी,
पोर जगतेय की नाही ते बघून.

रकान्याला चौकोन आठ.

आणि नाव? मल म्हणजे शेवट.
चार मुलींनंतर पाचवी, तेव्हा घरच्यांनी
'आता पुरे' असं नावातच लिहून टाकलं.
पुढे आणखी दोघी झाल्याच, त्या सांगतात
आणि तोंडावर हात धरून हसतात.

मी जन्माने इथलीच.
माझं कोरियन स्वयंपाकघरातलं:
जेवलीस का, दार लाव, केस पूस,
बाबांना उठवू नकोस.
एवढ्या भांडवलावर मी दुभाषी झाले.
त्यात 'वारस' नाही, 'अंशदान' नाही,
'उदास'सुद्धा नाही.
आमच्या घरी कुणी उदास व्हायचं नाही,
नुसतं दमायचं.

मागच्या हिवाळ्यात दवाखान्यात त्या म्हणाल्या होत्या,
आत जळतंय.
मी डॉक्टरांना सांगितलं, पोटात जळजळ.
त्यांनी पांढऱ्या गोळ्या लिहून दिल्या.
चार महिने मल-सुनबाई त्या नेमाने चघळत राहिल्या:
नवरा गेल्यावर विकलेल्या आठ शिलाई यंत्रांसाठी
जेवणानंतर एक,
सेऊलला परत गेलेल्या, फोन न करणाऱ्या मुलासाठी
जेवणानंतर एक.

मग समुपदेशनाला येणाऱ्या नो इन-सुक
एकदा मला बाजूला घेऊन म्हणाल्या,
अगं, त्या जळण्याला आपल्याकडे नाव आहे.
राग गिळत गेलं की होतो तो आजार.
औषध आहे. बोलणंही आहे.
घरी जाताना बसमध्ये वाटलं,
माझ्या आईलाही होता बहुतेक.
मी तेव्हा दार लावत होते.

आज अर्जाखालून मी दुसरा कागद पुढे सरकवला.
मावशी, तेव्हा मी चुकीचं सांगितलं.
पोट नव्हतं ते.
या बाईंकडे जाऊ या का? पैसे पडत नाहीत.

त्या माझ्याकडे बघत नाहीत.
माझ्या बाहीचं बटण बघतात, बोटाने हलवून.
यंत्राचं काज, म्हणतात, सैल आहे.
मी दिवसाला दोनशे करायची. हाताने.
एकही सैल नाही.
आणि त्याच सुरात, बटण न सोडता,
किती वाजता?

गुरुवारी, अकरा.

मी आठ चौकोनांत सरकारी तारीख भरली.
समासात पेन्सिलीने लिहिलं: कोबी मिठात.
खिडकीवरचा माणूस खोडेल. खोडू दे.

फी नाही म्हटलं तरी बरणी ठेवलीच त्यांनी टेबलावर.
झाकण नीट नव्हतं, लाल पाणी फाइलीत उतरलं.
आता कपाटातल्या सगळ्या हिरव्या फाइलींत
ही मला डोळे मिटून सापडेल.

दाराशी त्या थांबल्या, भिंतीकडे वळल्या,
मागे न बघता एक चिठ्ठी फाडली
आणि पर्समध्ये खोल घातली.
चष्मा घरी राहिला होता.
दाताच्या डॉक्टरची फाडली होती.

मी तिसऱ्या कागदाची पहिली चिठ्ठी ओढून
त्यांच्यामागे जिना उतरले.